दत्ताची सही

गिअर घासता घासता बद्रीनाथ चाळिशीला टेकला, आणि एके दिवशी कारखान्याच्या बोर्डावर स्वेच्छानिवृत्तीचा कागद लागला. स्वेच्छा कुणाची, हे कुणी विचारलं नाही. अठराव्या वर्षी वाशिमकडून आलेला हा माणूस बावीस वर्षांनी भोसरीच्या बसस्टॉपवर पुन्हा नव्याने उभा राहिला.

बरोबरच्यांनी रिक्षा घेतल्या, पिठाच्या गिरण्या टाकल्या. बद्रीनाथने धायरीत सायबर कॅफे काढला.

"तुम्हाले त्यातलं काय समजते?" बायको मुक्ताईने विचारलं.

"गिअरमधलं सगळं समजत होतं. त्याचं काय झालं?"

धायरी तेव्हा अर्धी गाव होती आणि अर्धी शहर. एका अंगाला गोठे, दुसऱ्या अंगाला नव्या इमारती. ज्यांच्या शेतांवर इमारती उठल्या त्या घरांचा शब्द गावात अजून चालत होता. असंच एक घर हनमंतशेठचं. त्यांच्या ओळीने बांधलेल्या गाळ्यांपैकी कोपऱ्यातला गाळा बद्रीनाथने भाड्याने घेतला. पाटी रंगवली: मुक्ताई सायबर पॉइंट.

आत सहा संगणक. बद्रीनाथ त्यांना मशीनच म्हणे. सकाळी उदबत्ती लावली की सहाही मशीनवरून एकेकदा फिरवायचा, मग रंगाच्या जुन्या ब्रशने कळफलकातली धूळ झाडायचा. सगळं नीट होतं, एक शटर सोडलं तर. शटरची स्प्रिंग गेली होती. हुक सोडला की ते धाडकन खाली येई. बद्रीनाथ स्वतः फिटर. त्याला ते तासाभराचं काम. ते रोज उद्यावर जाई.

दत्तप्रसाद तिथे पहिल्यांदा आला तो नोकरीचा अर्ज पाठवायला. तेवीस वर्षांचा, बीएस्सी झालेला, मागच्याच गल्लीत चार पोरांत मिळून एक खोली घेऊन राहणारा. त्याच्या तोंडून दोन वाक्यं ऐकली आणि बद्रीनाथने मान वर केली.

"कुठचा रे तू?"

"रिसोडचा. वाशिम जिल्हा."

"मंग इतका वेळ पुणेरी काहून बोलून राहिला?"

दत्ता हसला. त्या दिवसापासून चार नंबरचं मशीन त्याचं झालं. तो रोज येई. अर्ज पाठवी, परीक्षेचे निकाल बघी, आणि जाता जाता कुठलं मशीन अडलं असेल तर खोलून नीट करून देई. बद्रीनाथला त्याची बोटं बघायला आवडत. दहा बोटं, खाली न बघता, कळफलकावर पावसासारखी पडत. बद्रीनाथला दोन बोटांनी स्वतःचं नाव टाइप करायला अर्धं मिनिट लागे.

दोन हजार आठ साली देशात कुठे कुठे स्फोट झाले. कुणीतरी कुठल्याशा कॅफेतून धमकीची मेल पाठवली, असं पेपरात आलं. मग चौकीतून हवालदार आले. प्लायवुडच्या आडोशाला बोट लावून म्हणाले, हे छातीपर्यंत कापा, संगणकाचा पडदा बाहेरून दिसला पाहिजे. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, वेळ, मशीन नंबर आणि सही रजिस्टरमध्ये हवी. ओळखपत्राची झेरॉक्स फायलीत हवी. आणि मशीनची वेळ मोजणारं जे सॉफ्टवेअर असतं, त्याची रोजची यादी काढून ठेवायची. यादी आणि रजिस्टर जुळलं पाहिजे.

बद्रीनाथने करवत काढली आणि आडोसे कापले. दत्ताने सुंदर अक्षरात पाटी लिहून दिली: ‘ओळखपत्र दाखवावे. आपला चेहरा हा पुरावा नाही.’

"फार झोंबते रे," बद्रीनाथ म्हणाला.

"काका, पुण्यात राहतो आपण. झोंबली नाही तर कोणी वाचणार नाही."

बाहेरगावची पोरं निमूट झेरॉक्स देत. सोसायट्यांतले लोक कुरकुरत देत. गावातली पोरं देत नसत. हनमंतशेठचा चुलतभाऊ दिग्विजय दर दोन दिवसांनी यायचा. बोटात गाडीची किल्ली फिरवत सरळ आत शिरायचा. एकदा बद्रीनाथने रजिस्टर पुढे केलं.

"नाव लिहू? माझं?" दिग्विजय म्हणाला. "काका, ह्या गाळ्याच्या उताऱ्यावर आमचं नाव लिहिलेलं हाय. ते वाचा."

मागची पोरं हसली. बद्रीनाथने रजिस्टर मागे घेतलं.

शनिवारी हवालदारांनी यादीवर पेन टेकवला. "चार नंबर दोन तास चाललंय. रजिस्टरमध्ये नाव एकाच तासाला. दुसरा तास काय भुताने टाइप केलं?"

बद्रीनाथने यादीची घडी सरळ केली.

"पुढच्या वेळी ओळ कोरी दिसली तर सील लावीन. मग बसा पाट्या वाचत."

संध्याकाळी त्याने हे दत्ताला सांगितलं. दत्ता कळफलक उलटा करून झटकत होता. वर न बघता म्हणाला, "माझं नाव लिहून टाकत जा ना काका. माझी झेरॉक्स तर आहेच फायलीत. मी तर असाही इथंच पडून असतो. माझं काय जाते?"

"आन् सही?"

"शिकवतो."

त्याने पाठकोऱ्या कागदावर सही काढून दाखवली. द मोठा, त्याची शेपटी ओढत थेट शेवटच्या अक्षराखाली न्यायची, आणि शेपटीखाली दोन टिंबं. "ही शेपटी न थांबता ओढायची, काका. थांबलं की चोरी पकडली जाते." बद्रीनाथने दहा-बारा वेळा काढली. गिअरचे दात इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलेला हात. तेराव्या वेळी दत्ताने दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या आणि स्वतःची कुठली ते त्यालाच सांगता येईना. दोघं खूप हसले.

मग ती सवय झाली. ज्या तासाला नाव नाही, त्या तासाला दत्ता. सायंकाळी दिवा लावायच्या आधी बद्रीनाथ यादी घेऊन बसे आणि कोऱ्या ओळी भरी. हवालदार खूश होते. रजिस्टर इतकं नीट धायरीत कुणाचंच नव्हतं.

नोव्हेंबरच्या अकरा तारखेला दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरवर एकच मशीन चाले, चार नंबर. तीन वाजता दिग्विजय आला. एकटाच. एरवी तो मोठ्याने गाणी लावी, त्या दिवशी गप्प बसला होता. चारला उठून गेला. संध्याकाळी बद्रीनाथने त्या ओळीत दत्ताचं नाव लिहिलं, द ची शेपटी ओढली, दोन टिंबं दिली.

सोळा तारखेला, रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास एक जीप आणि तीन मोटरसायकली गाळ्यासमोर थांबल्या. आठ-नऊ जण उतरले. हनमंतशेठ पुढे होता. आत दोन पोरं बसली होती. त्यांना कुणी काही बोललं नाही. ती आपणच उठून बाजूने निसटली.

हनमंतशेठने बद्रीनाथच्या कानाखाली मारली. आधी मारली, मग बोलला.

"तुझ्या दुकानातून झालंय. माझ्या बहिणीचा फोटो. तिचा नंबर. खाली काय काय लिहिलंय ते मी तोंडानं बोलू शकत न्हाय."

त्याची धाकटी बहीण नम्रता कॉलेजात होती. तेव्हा सगळी पोरं ज्या साइटवर पडीक असत, तिथे कुणीतरी तिच्या नावाने खोटं पान उघडलं होतं. चार दिवस तिचा फोन वाजत होता. अनोळखी माणसं भाव विचारत होती. पाचव्या दिवशी तिच्या ठरलेल्या सासरकडून नारळ परत आला. ती जेवत नव्हती. ओळखीच्या एका इंजिनिअरने शोधून काढलं होतं: हा कॅफे, अकरा तारीख, दुपारी तीन ते चार.

"रजिस्टर आण."

बद्रीनाथने रजिस्टर दिलं. हनमंतशेठने थुंकी लावून पान उलटलं. बोट खाली आणलं. त्या तासाला एकच ओळ होती.

"दत्तप्रसाद. कोण हा?"

बद्रीनाथने मान वर केली. हनमंतशेठच्या मागे दिग्विजय उभा होता. खांद्यावर क्रिकेटचा स्टंप. तो बद्रीनाथकडे बघत होता. डोळ्यांत राग नव्हता, भीतीही नव्हती. तो फक्त वाट बघत होता.

"फाइल काढा की, काका," दिग्विजयच म्हणाला. "झेरॉक्स आसंल. पत्ता आसंल."

फाइलही शेवटी दिग्विजयनेच काढली. झेरॉक्सवर फोटो होता आणि मागच्या गल्लीचा पत्ता होता. दोघे मोटरसायकलवरून गेले.

जाऊन यायला पंधरा मिनिटं लागली. ही पंधरा मिनिटं बद्रीनाथला मिळाली होती. हनमंतशेठ त्याच्याच खुर्चीत बसला. पाणी मागितलं. बद्रीनाथने माठातलं पाणी तांब्या-भांड्यात घालून दिलं. हनमंतशेठने ते एका दमात प्यायलं, तोंड पुसलं, आणि त्याचे डोळे भरून आले. "ती लहान असताना मी खांद्यावर घेऊन खडकवासल्याला न्यायचो तिला," तो स्वतःशीच म्हणाला. बद्रीनाथला वाटलं, आता. आता सांगावं. त्याने तोंड उघडलं. चार नंबरच्या मशीनवर दिग्विजय स्टंप आपटत होता, हळू, एका लयीत. टक. टक. बद्रीनाथने तोंड मिटलं.

दत्ताला आणलं तेव्हा त्याच्या एका पायात चप्पल होती. ओठ फाटलेला. शर्टाची बाही हातात धरून दोघांनी त्याला ओढत आणलं होतं, आणि बाही खांद्यापासून सुटून आली होती. त्याला काहीच माहीत नव्हतं. आधी त्याला वाटलं दुकानात चोरी झाली.

हनमंतशेठने त्याच्या पोटात लाथ घातली. तो वाकला. दुसऱ्याने गुडघा तोंडावर मारला. दाताचा तुकडा फरशीवर पडून लांब घरंगळत गेला. मग सगळ्यांनी मारलं. कुणी पट्ट्याने, कुणी माऊस वायरसकट उपसून. आवाज फार नव्हता. मारणारे धापा टाकत होते, आणि दत्ता प्रत्येक माराला फक्त "काय केलं? काय केलं मी?" एवढंच विचारत होता. बाहेर लोक जमले होते. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून कुणीतरी मोबाइल धरला होता.

शेवटी हनमंतशेठने हात वर केला. दत्ताला केसांनी धरून रजिस्टरवर वाकवलं.

"वाच. अकरा तारीख. हे नाव कुणाचं? ही सही कुणाची?"

"अकराला मी हिंजवडीला होतो," दत्ता म्हणाला. त्याच्या तोंडातून शब्दांबरोबर रक्त येत होतं. "इंटरव्ह्यूला. दोनपासून होतो. पाकिटात गेटपास आहे. बघा. बघा ना."

दिग्विजयने त्याच्या मागच्या खिशातून पाकीट काढलं. त्यात घडी घातलेला गेटपास होता. कंपनीच्या शिक्क्याचा. त्यावर तारीख आणि वेळ. पहिल्या मोठ्या कंपनीत पाय ठेवला म्हणून दत्ताने तो जपून ठेवला होता. दिग्विजयने तो उघडला, शांतपणे वाचला, पुन्हा घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवला.

"काय हाय?" हनमंतशेठने विचारलं.

"कायतरी जुनी पावती."

दत्ताने पुन्हा रजिस्टरकडे बघितलं. एक डोळा सुजून बंद झाला होता. दुसऱ्या डोळ्याने त्याने ती सही बघितली. द ची शेपटी. दोन टिंबं. मग त्याने बद्रीनाथकडे बघितलं. त्याला कळलं. बद्रीनाथला दिसलं की त्याला कळलं.

"काका, सांगा ना त्यांले," दत्ता म्हणाला. घाबरला की तो पुणेरी विसरे. "सांगा ना."

"शेठ," बद्रीनाथ म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्याचा वाटला. "रजिस्टर खोटं आहे. ही सही त्याची नाही. मी केली. ज्यांनी नाव दिलं नाही त्यांच्या जागी मी ह्याचं लिहीत होतो."

बाहेरची माणसं दाराशी सरकली.

हनमंतशेठ जवळ आला. त्याच्या श्वासाला माठातल्या पाण्याचा वास होता. "बरं," तो म्हणाला. आवाज जवळजवळ मऊ होता. "मग खरं कोण बसलं हुतं?"

प्रश्न सरळ होता. उत्तर चार हातांवर उभं होतं. दिग्विजयने स्टंप खांद्यावरून उतरवून दोन्ही हातांत धरला. एवढंच केलं. बद्रीनाथला मुक्ताई आठवली. दहावीतली सृष्टी आठवली, त्याची मुलगी. ती ह्याच रस्त्याने क्लासला जाते हे आठवलं. दिग्विजयलाही ती वेळ माहीत होती.

"माहीत नाही," बद्रीनाथ म्हणाला.

"गाववाल्याला वाचवतोय," दिग्विजय ओरडला. "एका पाण्याचे हायेत दोघं. बोली ऐकली न्हाय का ह्यांची?" आणि त्याने स्टंप बद्रीनाथच्या बरगडीत घातला. बद्रीनाथ टेबलावर आडवा झाला. पुढचं त्याने आडव्यानेच बघितलं.

"ह्याच बोटांनी टाइप केलं ना?" दिग्विजय म्हणाला. "हात ठेव रे ह्याचा. तिथं. उंबऱ्यावर."

तिघांनी दत्ताला शटरखाली पालथं पाडलं. एक पाठीवर बसला. एकाने उजवा हात मनगटाशी धरून लोखंडी पट्टीवर ताणला. शटर वर होतं, हुकात अडकवलेलं.

"काका. शटर तुमचं. सोडा तुम्ही."

बद्रीनाथ हलला नाही. दोघांनी त्याला उभं केलं. दिग्विजय त्याच्या कानाशी आला. इतक्या हळू बोलला की दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसेल.

"सृष्टीचा क्लास सहाला सुटतो ना?"

दत्ता ओरडत नव्हता. त्याने मान वळवली होती आणि तो वर बघत होता. बद्रीनाथच्या हाताकडे.

बद्रीनाथने हुक सोडला.

शटर धाडकन खाली आलं. ते फरशीला टेकलं नाही. दोन बोटं उंचीवर थांबलं. आवाज शटरचा झाला, आणि त्याच्या मागून दुसरा झाला, तो दत्ताचा. तो माणसाचा वाटत नव्हता.

"पुन्हा," दिग्विजय म्हणाला.

दुसऱ्यांदा शटर कुणी वर केलं आणि कुणी सोडलं, हे बद्रीनाथला आठवत नाही. आपणच, असं तो म्हणतो. इतरांच्या जबाबांत तिघांची वेगवेगळी नावं आहेत.

हनमंतशेठ तोवर जीपमध्ये जाऊन बसला होता. त्याने बघितलं नाही.

दवाखान्यात दत्ताची दोन बोटं काढावी लागली. उरलेली दोन राहिली, पण ती वळत नव्हती. अंगठा वाचला. शस्त्रक्रियेच्या कागदावर सही हवी होती. दत्ता शुद्धीवर होता. नर्सने पेन पुढे केलं, मग ओशाळून मागे घेतलं आणि डाव्या अंगठ्याला शाई लावली. बद्रीनाथ काचेच्या दारातून बघत होता. दार उघडून आत जायचं धाडस त्याला झालं नाही.

तीन दिवसांनी त्याला जबाबाला बोलावलं. आदल्या संध्याकाळी दिग्विजय घरी येऊन गेला. चपला बाहेर काढून बसला, मुक्ताईच्या हातचा चहा घेतला, सृष्टीला कुठल्या शाखेला जाणार म्हणून विचारलं. उठताना म्हणाला, "काका, रजिस्टर म्हणजे सरकारी कागद. त्यात लिहिलंय तेवढंच बोलायचं. गाळा तुमचाच समजा."

तो गेल्यावर मुक्ताईने त्याची कपबशी मोरीत ठेवली नाही. बाहेर नेऊन भिंतीवर फोडली. मग सृष्टीचे कपडे पिशवीत भरायला लागली. रात्रीच्या गाडीने तिला मामाकडे वाशिमला पाठवलं. "आता सांगा," ती म्हणाली. "आता तरी सांगा."

फौजदार तरुण होते. रजिस्टर त्यांच्यापुढे उघडं होतं.

"मारणाऱ्यांना आम्ही धरू," ते म्हणाले. "पण ह्याप्रमाणे खोटं पान त्या मुलानेच उघडलेलं दिसतंय. तो बरा झाला की त्याच्यावरही गुन्हा लागेल. तुमचं काय म्हणणं?"

"सही माझी आहे."

"तुमची म्हणजे?"

"मी करत होतो. त्याच्या नावाची."

"असं सगळेच म्हणतात नंतर. आणि हे खरं धरलं तर गुन्हा तुमच्यावर येतो, कळतंय ना? परवाना जाईल. कदाचित आतही जाल."

बद्रीनाथने कागद मागितला. पेन मागितलं. त्याची बरगडी बांधलेली होती, श्वास घेताना टोचत होती. त्याने द काढला, शेपटी न थांबता ओढली, दोन टिंबं दिली. एक. दोन. सात वेळा. फौजदारांनी कागद उचलून रजिस्टरशेजारी धरला. बराच वेळ धरला.

बद्रीनाथ पेनकडे बघत होता. ज्या हाताची ही सही, त्या हाताला आता ती येणार नव्हती. ती आता फक्त त्याच्या हातात उरली होती.

"मग अकरा तारखेला कोण होतं?"

"दिग्विजय. गाळामालकाचा चुलतभाऊ. तीनला आला, चारला गेला. त्याने नाव द्यायला नकार दिला म्हणून मी दत्ताचं लिहिलं."

एका दमात निघालं. इतकं सोपं होतं.

"हे रविवारी का नाही सांगितलं?"

बद्रीनाथने पेन टेबलावर ठेवलं.

"काही तरी लिहावं लागेल मला."

"भ्यालो, असं लिहा."

फौजदारांनी लिहिलं. हिंजवडीच्या कंपनीतून गेटवरच्या नोंदी मागवल्या. तिथल्या रखवालदाराने आपलं काम चोख केलेलं होतं: दत्तप्रसाद, आत दोन दहा, बाहेर पाच पस्तीस. दिग्विजयच्या संगणकावर नम्रताचे फोटो सापडले. तिने त्याचं कुठलंसं प्रकरण घरी सांगितलं होतं. कारण एवढंच.

हनमंतशेठने भावाचं काय केलं ते गावात उघड कुणी बोललं नाही. जामिनावर सुटून आलेला दिग्विजय दुसऱ्याच आठवड्यात दवाखान्यात होता, आणि पुढे दोन महिने काठी टेकत चालत होता. त्याच आठवड्यात कुणीतरी गाळ्याचं कुलूप तोडून सहाही मशीन पहारीने फोडली. काचांचा खच पडला. बद्रीनाथ बघायला गेला नाही. त्याचा परवाना गेला, त्याच्यावरही खटला भरला गेला. दोन्ही खटले तारखेवर तारीख घेत अजून चालू आहेत.

आता तो कोथरूडमध्ये एका सोसायटीच्या गेटवर असतो. निळा शर्ट, शिट्टी, टेबल, आणि टेबलावर रजिस्टर. सोसायटीत सोळा कॅमेरे आहेत. सचिव शरच्चंद्र निवृत्त झाल्यापासून कॅमेऱ्यांचा पडदा घरात टीव्हीशेजारीच लावून बसतात. बद्रीनाथबद्दल त्यांची तक्रार एकच. हा माणूस रजिस्टरमध्ये स्वतः अक्षर लिहीत नाही. पेन पुढे करतो आणि उभा राहतो.

"अहो, त्या म्हातारीला चष्मा नाही, लिहा की तुम्ही," लोक म्हणतात.

"त्यांनाच लिहू द्या."

"जावई आलाय आमचा. त्याची पत्रिकाही जोडू का?"

"नाव आणि वेळ पुरे."

दत्ता तिथे आला तो योगायोगाने. बी विंगमध्ये एका बाईंच्या घरी गणिताचा क्लास चाले, तिथे शिकवायला. पाच वर्षं झाली होती. अंगाने भरला होता. उजवा हात पँटच्या खिशात होता. मागे दोन मोटारी उभ्या होत्या.

बद्रीनाथने सवयीने पेन पुढे केलं. मग वर बघितलं.

दोघं बघत राहिले. मागच्या मोटारीने हॉर्न दिला.

दत्ताने उजवा हात खिशातून काढला आणि टेबलावर रजिस्टरशेजारी ठेवला. अंगठा, दोन सरळ ताठ बोटं, आणि मधली जागा.

"तुम्हीच लिहा," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुम्हाले तर येते माझी सही."

बद्रीनाथच्या हातात पेन होतं. पुढे कोरी ओळ होती. त्याचा हात शिकलेला होता. सोडला असता तर शेपटी आपोआप ओढली गेली असती. हॉर्न पुन्हा वाजला. त्याने पेनचं टोपण लावलं आणि अडसर वर केला.

दत्ता थोडा थांबला. मग हात खिशात घालून आत गेला. मागे बघितलं नाही.

संध्याकाळी शरच्चंद्र खाली आले.

"पाच दहाला एक मनुष्य आत गेला. मी पडद्यावर बघितलं. ही बघा, ओळ कोरी. इतर वेळी आमच्या पाहुण्यांचं आजोळ विचारता, आणि हे कोण राजे होते?"

"ओळखीचे होते."

"नाव?"

बद्रीनाथने आत येणाऱ्या मोटारीसाठी अडसर वर केला.

"बद्रीनाथ, मी नाव विचारतोय. नोकरीचा प्रश्न आहे हा. कोण होता तो?"

"ते मी सांगणार नाही, साहेब."

शरच्चंद्रांनी त्याच्याकडे, मग रजिस्टरकडे बघितलं. खिशातलं पेन काढलं आणि त्या ओळीत काहीतरी लिहायला वाकले. बद्रीनाथने पंजा पानावर ठेवला. जोरात नाही. पण उचलला नाही.

"हात काढा," शरच्चंद्र म्हणाले.

त्याने हात काढला नाही.